मार्नीच्या कोचीन कोंबड्या

११ मार्च, शनिवार

टायरवाल्याने नवीन वर्षाची म्हणून फुकट दिलेली ही डायरी इतके दिवस ड्रॉवरमध्ये पडून होती. आज उघडली, कारण डोक्याचा भुगा झालाय आणि बोलायला घरात दुसरं माणूस नाही.

मार्नीला ऑगस्टच्या जत्रेतल्या स्पर्धेत कोंबड्या दाखवायच्या आहेत. सकाळी पॅनकेक खाता खाता एकदम म्हणाली, "बाबा, मी जत्रेच्या मुलांच्या क्लबात नाव घातलं. कोंबड्यांच्या गटात."

मी म्हटलं, "आणि ठेवणार कुठे? आईच्या फ्लॅटमध्ये, सोफ्यावर?"

"इथे. तुझ्याकडे. शेड रिकामीच आहे ना?"

शेड रिकामी आहे हे खरं. पण दहा वर्षांची ही पोर माझ्याकडे असते एक आड एक शनिवार-रविवार, शुक्रवार संध्याकाळपासून. बाकी सगळी आईकडे, शहरात. मग कोंबड्यांचं करायचं कुणी? मीच. माझी ना नाही. बसडेपोत दिवसभर शाळेच्या बसगाड्यांखाली पालथा पडून असतो, घरी येऊन दोन कोंबड्यांना दाणे टाकायला काय लागतं? पण तिला हे सुचलं कुठून? आजवर तिने कोंबडी बघितली ती ताटात.

दुसरी गोष्ट. मार्नीची आई, डीना, सप्टेंबरात लांब कोलंबस शहरात राहायला जातेय. तिथल्या इस्पितळात चांगली नोकरी मिळाली. मग मार्नी माझ्याकडे महिन्यातून एकदा. गेल्या आठवड्यात फोनवर सांगितलं तेव्हा मी "बरं" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पोरीला तिथे शाळा, मैत्रिणी, पोहण्याचा तलाव. इथे काय आहे? मी, आणि मक्याचं शेत, तेही शेजाऱ्याचं. तिच्या गळ्यातलं लोढणं व्हायचं नाही एवढं मी पक्कं ठरवलंय.

२५ मार्च, शनिवार

कोंबड्यांच्या बाजाराला जाऊन आलो. जत्रेच्याच मैदानावर भरतो, लोक पिकअपच्या मागे पिंजरे मांडून बसतात. मी आठवडाभर चार लोकांना विचारून ठेवलं होतं. सगळ्यांचं एकमत: नवख्या पोराला रॉक कोंबडी द्या. करड्या पट्ट्यांची, दणकट, थंडी-पाऊस कशाला भीत नाही, धुवायला लागत नाही, काही मळलं तरी दिसत नाही. मी म्हटलं, झालं, हीच.

मार्नीने एक नजर टाकली आणि नाक मुरडलं.

"हिला काय काय करावं लागतं?" तिने विकणाऱ्याला विचारलं.

तो म्हणाला, "काही नाही गं राणी. दाणा, पाणी, आणि जत्रेच्या दिवशी उचलून न्यायची."

"मग नको," मार्नी म्हणाली.

मला कळेना. "अगं, सोपी आहे म्हणून तर घ्यायची!" मी म्हटलं. ती पुढे चालायला लागली. दुपारभर प्रत्येक पिंजऱ्यापाशी तिचा एकच प्रश्न, हिला काय काय करावं लागतं. आणि लोकांनी जितकं कमी सांगावं तितकं हिचं तोंड जास्त वाकडं. शेवटी काही न घेता घरी आलो. येताना तिने खिडकीकडे तोंड करून चीजचं सँडविच खाल्लं. पोरीच्या मनात काय चाललंय हे जर मला कळत असतं तर डीनाच्याही मनातलं वेळेवर कळलं असतं.

८ एप्रिल, शनिवार

व्हर्ना स्ट्राउस बाईंकडे गेलो. पंच्याहत्तरीच्या आहेत, एकट्या राहतात, आणि त्यांच्या कोंबड्यांची माणसांपेक्षा जास्त बडदास्त आहे. जीभ फार तिखट. मी पोचल्या पोचल्या एका कोंबड्याकडे बोट दाखवून म्हटलं, हा ऐटबाज आहे, छाती बघा केवढी. बाई म्हणाल्या, "वॉरन, तू कोंबडा निवडतोयस की जावई? त्याचा तुरा बघितलास? सहा दाते आहेत. पाच हवेत. तो परीक्षकापुढे उभा राहिला तर परीक्षक चष्मासुद्धा लावणार नाही."

मग मला बाजूला सारून त्या मार्नीशीच बोलल्या. कोंबडी आधी मागून बघायची, पाठ रुंद हवी. मग पाय, बोटं सरळ आहेत का. मग पंख उघडून एक एक पीस. डोळ्यांत भरणारी कोंबडी सगळ्यात शेवटी. मार्नी पायरीवर बसून हे असं ऐकत होती की शाळेतल्या बाईंना हेवा वाटावा.

बाईंनी तीन जातींच्या कोंबड्या मांडीवर देऊन बघितल्या. तिसरी होती कोचीन, छोटी जात, पांढरी शुभ्र, कापसाच्या उशीसारखी गोल, आणि पायांवर बोटांपर्यंत पिसांची झालर.

"हिला काय काय करावं लागतं?" मार्नी म्हणाली.

"हिला?" बाई हसल्या. "हिला काय करावं लागत नाही ते विचार. पायांची पिसं दर आठवड्याला धुवायची, नाहीतर घाण चिकटून तुटतात. भुसा कोरडा ठेवायचा. ऊन लागलं की पिवळी पडते, चिखलात गेली की संपलं. रोज हातात घेऊन बसायचं, नाहीतर परीक्षकाच्या हातात फडफडते. आणि जत्रेच्या आधी अंघोळ, तीन टबांतून, मग ड्रायरने वाळवायची. एकट्याचं काम नाही ते."

मार्नीचा चेहरा असा उजळला की विचारू नका. "हीच," म्हणाली.

मी खूप समजावलं. पांढरी कशाला, पायात पिसं कशाला, तुला इतका ताप कशाला. बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तिची कोंबडी आहे, तुझी नाही." एक तलंग घेतली, म्हणजे अजून अंडी न घालणारी कोवळी कोंबडी, आणि एक कोंबडा. निवडताना मार्नीने तीन तलंगा मागून, पुढून, उलट्या करून बघितल्या आणि जिच्या पायांची झालर सगळ्यात दाट ती घेतली. तलंगेचं नाव पुडिंग. कोंबड्याचं नाव जनरल.

परतताना पिकअपमध्ये पिंजरा मांडीवर घेऊन बसली होती. म्हटलं मागे ठेव, तुझी पँट खराब होईल. नाही म्हणाली.

६ मे, शनिवार

मार्नी सकाळपासून शेडमध्ये. जुना टूथब्रश, कोमट पाण्याची बादली, मांडीवर टॉवेल, टॉवेलवर पुडिंग. एक एक पीस धुवून पुसतेय. मला हाक मारली, "बाबा, हिला धर ना." मी धरली. तासभर धरून बसलो. ती आपली बडबडत होती, शाळेतल्या कुणा मुलाने डब्यात बेडूक आणला ते, आईच्या नवीन चपलांचं, असंच काहीबाही.

माझ्या मनात एकच, बिचारी. सुट्टीच्या दिवशी आराम करायचा तर कोंबडीचे पाय धूत बसलीय. आणि हे सगळं कशासाठी, जत्रेतल्या बक्षिसाच्या एका फितीसाठी. पुढच्या वेळी ती येईपर्यंत मीच सगळं उरकून ठेवीन. तेवढंच तिला मोकळं मिळेल.

२१ मे, रविवार

ठरवल्याप्रमाणे परवा संध्याकाळी डेपोतून आलो आणि दोघांचे पाय धुतले. भुसा बदलला. शेड अशी चकाचक केली की डीनाने बघितली असती तर घटस्फोट मागे घेतला असता. मार्नी आली, धावत शेडमध्ये गेली आणि दारातच थांबली.

"कुणी केलं?"

"कुणी म्हणजे? बाबांनी!" मी छाती काढून उभा. "आता तू मस्त टीव्ही बघ. आइसक्रीम आणलंय."

तिने आइसक्रीम खाल्लं. टीव्ही बघितला. आज दुपारी तीन वाजताच विचारलं, आई कधी येणार. नेहमी पाच वाजता आई आली तरी हिचे बूट सापडत नाहीत.

३ जून, शनिवार

तेच. मी सगळं उरकून ठेवलं होतं. तिने कोंबड्यांकडे ओझरतं बघितलं आणि खोलीत जाऊन बसली. जेवताना म्हटलं, काय झालं? म्हणाली, काही नाही. म्हटलं, कंटाळा आला का कोंबड्यांचा? म्हणाली, तुला आला असेल. आता मला का येईल? मी तर दर आठवड्याला करतोय!

मग एकदम विचारलं, "बाबा, मी कोलंबसला गेल्यावर ह्यांचं काय करणार?"

मी म्हटलं, "तू त्याची चिंताच सोड. मी आहे ना. तुझ्यावाचून काही अडणार नाही."

चांगलंच उत्तर होतं. कुणाही बापाने हेच दिलं असतं. पण ती पानावरून उठून गेली. मांसाचा वडा अर्धा तसाच. आजपर्यंत तो वडा तिने कधी टाकला नव्हता.

१७ जून, शनिवार

पोरीचं मन इथे लागत नाही. स्पष्ट दिसतंय. येते ती आई पाठवते म्हणून. मला फार वाईट वाटलं, इथे लिहायला हरकत नाही. शेडच्या मागे जाऊन उगाच लाकडं फोडली. पण वाईट वाटून काय उपयोग? मोठी होतेय, तिची तिची माणसं होणार. बापाने शहाणपणाने बाजूला व्हावं, रडत बसू नये.

२९ जून, गुरुवार

डीनाला फोन केला. म्हटलं, मार्नी इथे कंटाळते. जुलैत तिच्या पोहण्याच्या शर्यती आहेत ना, मग एखादा आठवडा नाही आली तरी चालेल. मला काही वाटणार नाही.

डीना म्हणाली, "तिने सांगितलं तुला असं?"

"सांगायला कशाला हवं? दिसतं मला."

"तुला दिसतं," डीना म्हणाली. ज्या सुरात म्हणाली तो सूर मला लग्नापासून ओळखीचा आहे आणि त्याचा अर्थ मला लग्नापासून लागलेला नाही.

१५ जुलै, शनिवार

मार्नी आली नाही. शर्यत होती.

राजमा-खिम्याची चिली शिजवताना सवयीने दोघांची केली. संध्याकाळी फोन आला. मी म्हटलं, जिंकलीस का? म्हणाली, चौथी आले. मग, "पाय धुतलेस त्यांचे?"

"हो हो! सगळं केलं. तू काही काळजी करू नकोस."

"मी काळजी करत नव्हते," म्हणाली आणि फोन ठेवला.

आता यात मी काय चुकलो? कुणीतरी समोर बसून समजावून सांगावं. गाडीचं इंजिन बिघडलं तर निदान आवाज तरी करतं.

१६ जुलै, रविवार

व्हर्नाबाई कोंबड्या बघायला आल्या. पुडिंगला उलटी केली, सुलटी केली, पंख उघडले आणि म्हणाल्या, पोरीने निवडली मात्र अस्सल. मग इकडे तिकडे बघून, "पोरगी कुठाय?"

सगळं सांगितलं. कंटाळली, येत नाही, मी अडवत नाही.

बाई म्हणाल्या, "कंटाळली? अरे, त्या दिवशी तू पिंजरा आणायला गाडीकडे गेलास तेव्हा तिने मला काय विचारलं ठाऊक आहे? तुमच्याकडे सगळ्यात जास्त काम कुठल्या कोंबडीला लागतं. दर आठवड्याला यावंच लागेल अशी द्या म्हणाली."

मी म्हटलं, "कष्टाळू आहे. डीनावर गेली."

बाईंनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग पुडिंगला म्हणाल्या, "तुझा मेंदू शेंगदाण्याएवढा, पण तुला निदान दाणा कुठे आहे ते कळतं गं." आणि निघून गेल्या. म्हातारपणी माणूस काहीही बोलतं.

तरी रात्रीचं जेवण करताना तेच डोक्यात. दर आठवड्याला यावंच लागेल अशी. पण मी तर डीनाला सांगितलं होतं, यायची सक्ती नाही.

२९ जुलै, शनिवार

मार्नी आली. शेडमध्ये जाऊन परीक्षकापुढे कोंबडी कशी धरायची त्याचा सराव केला. मी परीक्षक झालो. "कोचीनच्या तुऱ्याला दाते किती?" "पाच." "पायाची बोटं किती?" "चार." पटापट. मधेच म्हणाली, "जत्रा शनिवारी. म्हणजे अंघोळ बुधवारी घालायची. वाळून पिसं बसायला वेळ लागतो. आणि एकट्याने होत नाही, बाबा. एकाने धरायची, एकाने धुवायची."

"हो, बाई म्हणाल्या होत्या," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्याकडे बघत राहिलो. मग तिने पुडिंगला पिंजऱ्यात ठेवलं.

७ ऑगस्ट, सोमवार

मार्नीचा फोन. बुधवारी अंघोळ आहे, लक्षात आहे ना? मी म्हटलं, अगं तू बुधवारी आईकडे असतेस, तू कशी येणार? मी बघतो ते. नाही, नाही, तू नको बघू, असं घाईघाईने म्हणाली आणि मागून डीनाचा आवाज आला आणि फोन कटला.

म्हणजे माझ्यावर भरवसा नाही! बसगाड्यांचे गिअरबॉक्स उघडून परत बसवणाऱ्या माणसाला कोंबडी धुता येणार नाही? दाखवतोच तिला.

८ ऑगस्ट, मंगळवार

धुतल्या. एकट्याने. एक दिवस आधीच, म्हणजे वाळायला जास्तच वेळ.

तीन टब मांडले. पहिल्यात साबण, दुसऱ्यात साबण निघायला व्हिनेगरचं पाणी, तिसऱ्यात साधं. जनरलने पहिल्या टबातून उडी मारली ती थेट माझ्या डोक्यावर. दुसऱ्यांदा दातात टॉवेल धरून, गुडघ्यात कोंबडा पकडून धुतला. पुडिंग मात्र गुणाची. कोमट पाण्यात डोळे मिटून बसली. मग ड्रायर नव्हता, तर डेपोतली रंग वाळवायची गरम हवेची तोफ आणली आणि लांबून फिरवली. दोघंही अशी फुलली की पांढरं दुसरं काही त्यांच्यापुढे मळकं दिसेल. मला माझंच कौतुक वाटलं. शुक्रवारी मार्नी येईल आणि बघून उडीच मारेल.

९ ऑगस्ट, बुधवार

हात अजून ओले आहेत, अक्षर वाईट येतंय.

दुपारी जेवायला घरी आलो तर अंगणात डीनाची गाडी. मार्नी उतरली. एका हातात बॅग, दुसऱ्यात प्लास्टिकची पिशवी: आईचा ड्रायर, व्हिनेगरची बाटली, दोन नवीन टूथब्रश. एक निळा, एक हिरवा. अंगात जुना टी-शर्ट, भिजायला चालेल असा.

"आले मी!" म्हणाली. "अंघोळीला! जत्रेपर्यंत राहणार आहे. आई हो म्हणाली."

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "अगं, मी कालच धुतल्या! ये, बघ तर!"

ती आत गेली. पुडिंग आणि जनरल नव्या भुशावर बसले होते, ढगासारखे. मार्नीने बघितलं. "छान झाल्यात," म्हणाली. अगदी हळू. पिशवी दारात ठेवली आणि जाऊन मागच्या पायरीवर बसली, पाठ माझ्याकडे करून. रडत नव्हती. रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं.

डीना गाडीपाशी उभी होती. मी म्हटलं, "आता काय झालं हिला? मी तर तिचं काम कमी केलं."

डीना म्हणाली, "वॉरन, ही पोर दोन आठवडे माझ्याशी भांडतेय. हे तीन दिवस मिळावेत म्हणून. इस्पितळात मी पाळी बदलून घेतली. कोंबड्यांसाठी आहे होय हे सगळं? गाढवा, ती कोंबड्या कशाला घेऊन आली तुझ्या शेडमध्ये?"

आणि गाडीत बसून गेली.

मी तिथेच उभा राहिलो. मग मला सगळं एकदम दिसायला लागलं, आणि ते दिसणं फार वाईट होतं. पॅनकेक. रॉक कोंबडी नको. पायात पिसं हवीत. हिला धर ना, बाबा. आणि मी काय करत होतो? दर आठवड्याला तिचं यायचं कारण धुवून पुसून स्वच्छ करून ठेवत होतो. वर तिला सांगितलं, तुझ्यावाचून काही अडणार नाही. दहा वर्षांच्या पोरीला! लाज वाटली. तिच्यापाशी जाऊन सांगावं तर मला असलं बोलता येत नाही, कधीच आलं नाही.

शेडमागे चिखल होता, सकाळी पाऊस पडून गेलेला. मी शेडमध्ये गेलो. बाहेरच्या कुंपणाच्या दाराची कडी काढली. उघडून बाजूला उभा राहिलो.

पुडिंगने एक पाय बाहेर टाकला. मग दुसरा. आणि मग ती जी निघाली, सरळ चिखलाच्या मधोमध, आणि बसली. नुसती बसली नाही, लोळली, पंखांनी चिखल अंगावर घेतला, माहेरी आल्यासारखी. जनरल तिच्या मागे. पायांची ती झालर, चार महिने जपलेली, दोन मिनिटांत काळीकुट्ट झाली. माझं मन कळवळलं, खोटं कशाला सांगू. पण मी हललो नाही. पुरतं होऊ दिलं.

मग ओरडलो, "मार्नी! धाव! घात झाला!"

ती धावत आली. चिखलातल्या दोन गोळ्यांकडे बघितलं. दाराकडे बघितलं. दाराची कडी वर आहे, तिच्या डोक्याच्या उंचीला. मग माझ्याकडे बघितलं.

"दार उघडं राहिलं," मी म्हटलं. "आता काय करायचं? मला एकट्याला नाही जमणार, मार्नी. काल जनरल माझ्या डोक्यावर बसला होता."

"डोक्यावर?" तिचे ओठ हलले.

"डोक्यावर. आणि त्याने तिथे काय केलं ते विचारू नकोस."

आणि ती हसली. इतकी हसली की खाली बसली. मग डोळे पुसत उठली, म्हणाली, "तू पुडिंगला पकड. नाही, असं नाही, पंख दाबून. किती वेंधळा आहेस रे बाबा!"

संध्याकाळपर्यंत धुतलं. मला हिरवा ब्रश दिला. पाय धुता धुता ती बोलत होती आणि मी ऐकत होतो. कोलंबसची शाळा केवढी मोठी आहे, तिथे तिला कुणी ओळखत नाही, नवीन खोलीच्या खिडकीतून फक्त गाड्या दिसतात. तिला भीती वाटते. मार्चपासून वाटते. मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

१२ ऑगस्ट, शनिवार

जत्रा. मार्नी पांढरा शर्ट घालून टेबलापाशी उभी, पुडिंग हातात. परीक्षक उंच, चष्मेवाला, गंभीर माणूस. पंख उघडून बघितले, पाय बघितले, पिसं बोटात चोळून बघितली.

"कोंबडी उत्तम निवडलीस. पण पिसं कोरडी झालीत. दोनदा धुतली का?"

"हो," मार्नी म्हणाली. "चिखलात गेली होती. बाबांनी दार उघडं ठेवलं."

"चुकून?"

मार्नीने मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी माझ्या बुटांकडे बघितलं.

"कडी वर आहे," ती परीक्षकाला म्हणाली. "कोंबडीला उघडता येत नाही."

परीक्षकाला काही कळलं नाही. मलाही कळलं नाही, ती रागावलीय की काय. पण पांढरी फीत मिळाली, म्हणजे तिसरा नंबर, आणि ती फीत तिने स्वतःच्या नाही, माझ्या शर्टाला लावली. व्हर्नाबाई माझ्यावर खेकसल्या, पिसांतलं तेल घालवलंस, ही तलंग पहिली आली असती! मी म्हटलं, हो बाई. दिवसभर ती फीत लावून लिंबू सरबत पीत हिंडलो. डेपोतली पोरं हसली. हसू देत.

१३ ऑगस्ट, रविवार

डीना पाच वाजता आली. मार्नीचे बूट सापडत नव्हते.

शेवटी सापडले. गाडीत बसताना मार्नी म्हणाली, "बाबा, त्यांचे पाय परत घाण होतील. शुक्रवारपर्यंत."

तोंडावर आलं होतं, मी बघतो. जीभ तशीच वळली होती. गिळलं.

"होतील," मी म्हटलं. "काळे होतील."

"मग मला शुक्रवारी यावं लागेल."

डीना म्हणाली, "हा शुक्रवार बाबांचा नाही. आणि पुढच्या महिन्यात आपण कोलंबसला असू. दर शुक्रवारी दीड तास गाडी हाकत इथे यायचं? कोंबडीचे पाय धुवायला?" मग माझ्याकडे वळली. "वॉरन, दोन कोंबड्या आहेत. तुला एवढंसुद्धा एकट्याला जमत नाही?"

मार्नी काचेतून माझ्याकडे बघत होती.

"नाही जमत, डीना," मी म्हटलं. "तिच्यावाचून मला काहीच जमत नाही."

डीना चावी हातात धरून उभी राहिली. मग मागचं दार उघडून मार्नीच्या बॅगेतून ड्रायर काढला, माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "हा इथेच ठेव. दर आठवड्याला याची कोण ने-आण करणार?"